मुरारीच्या परसातली लाकडं

घरामागं खडखडीत वाळलेलं लाकूड रचून ठेवलंय, त्यावर पत्रा, पत्र्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर दगड. आणि घरात चूल मात्र ओल्या काटक्यांवर धुमसतेय, घरधनी फुंकणी फुंकून डोळे लाल करून बसलाय. असं दिसल्यावर तुम्ही काय कराल मला माहीत नाही. मी विचारते. मला चौकशा करायची खोड आहे. लहानपणी आमच्या आळीत कुणाकडे पाहुणे आले, तर ते कोण, कुठले आणि का आले हे आईला माझ्याकडून कळायचं. पुढं नर्सची नोकरी लागली आणि या खोडीवर सरकारी शिक्का बसला.

मी आम्रपाली, महाडची, चवदार तळ्याच्या मागच्या आळीतली. पोलादपूर तालुक्यात एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे. महाबळेश्वरच्या घाटरस्त्यावर एका फाट्याला एसटीतून उतरायचं आणि पाऊण तास चढायचं, की पिंपळकोंड ही वाडी लागते. बावीस घरं. त्यातली अकरा उघडी. बाकीच्यांची कुलपं गणपतीला आणि शिमग्याला निघतात, कारण मालक मुंबईकडं दिव्याला नाहीतर नालासोपाऱ्याला असतात. गाडी जाईल असा रस्ता अजून नाही. दर मंगळवारी मी तिथं चंद्रभागाकाकींचं ड्रेसिंग करायला जायचे. त्यांची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेलेली, त्याला चार वर्षं झालेली, आणि पाठीला पडून पडून जखम झालेली. त्यांचं सगळं करायचा तो त्यांचा नवरा, मुरारी. साठीचा, काटकुळा, कमी बोलणारा माणूस.

पहिल्याच मंगळवारी मी त्याला शिकवायच्या तयारीनं गेले होते आणि गप्प बसून परत आले. काकींचे केस तेल लावून विंचरलेले, वेणी घातलेली. चादरीला एक सुरकुती नाही. मोबाईलवर कोंबडा आरवण्याचा गजर लावलेला. दर दोन तासांनी कोंबडा आरवला की मुरारी हातातलं काम टाकून यायचा आणि काकींना या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचा. दिवसा आणि रात्रीही. मी नोकरीत बरेच नातेवाईक बघितलेत. चार महिन्यांत त्यांचा धीर सुटतो, त्यात त्यांचा दोष नसतो. इथं चार वर्षं कोंबडा आरवत होता.

तर लाकडांचं विचारलं. मुरारी म्हणाला, "ती जळनाची नायत," आणि फुंकणी पुन्हा तोंडाला लावली. मग मी काकींना विचारलं. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं असायचं, शब्द जड यायचे, पण डोळे नुसते चमकत असायचे. त्या म्हणाल्या, "आमची नायत गो ती. गेलेल्यांची हायत."

एवढं ऐकून जो माणूस शांतपणे एसटीत बसू शकतो त्याला माझा नमस्कार. मला आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही.

उत्तर माघ महिन्यात मिळालं, आणि तेही मी न विचारता. त्या मंगळवारी मी चढून वर पोचले तर कोंडातला सोमा सकाळीच गेला होता. स्मशानाकडे जाणाऱ्या पाणंदीच्या तोंडाशी माणसं जमलेली. इथली रीत अशी, की मयत झालं की उघड्या असलेल्या प्रत्येक घरातून एक लाकूड येतं. मांडीएवढं जाड, दोन-अडीच हात लांब. ते घरच्या माणसानं स्वतःच्या खांद्यावरून आणायचं आणि पाणंदीच्या तोंडाशी ठेवायचं. गावकीची म्हणून वेगळी लाकडं एका खोपीत असतातच, सरण काही या दहा-अकरा लाकडांवर अडत नाही. पण ज्याचं लाकूड लागलं तो आपला, असा त्याचा अर्थ. आणि एकदा मयतासाठी बाहेर काढलेलं लाकूड परत चुलीत घालायचं नाही.

मुरारीनंही लाकूड आणलं, बाकीच्यांच्या लाकडांशेजारी ठेवलं आणि चार पावलं मागं सरून उभा राहिला. थोड्या वेळानं माणसांनी एकेक लाकूड उचललं. त्याचं तेवढं तिथंच राहिलं. कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. मयत पुढं गेलं. मुरारी पाणंद रिकामी होईपर्यंत थांबला, मग त्यानं ते लाकूड पुन्हा खांद्यावर घेतलं आणि घरी चालू लागला. मी त्याच्या मागून, हे सांगायला नकोच.

घरामागं त्यानं पत्रा उचलला, लाकूड रचलं आणि पत्रा पुन्हा ठेवला. "अकरावं," तो म्हणाला.

त्या दिवशी ड्रेसिंग झाल्यावर मी हललेच नाही. म्हटलं, सांगा. मग त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, आणि जिथं तो थांबला तिथं काकींनी पलंगावरून पुरवणी जोडली.

मुरारी तरुणपणी माझगावात एका बेकरीत होता. तिथं पीठ मळणारा शिमोन म्हणून नगरकडचा एक ख्रिस्ती माणूस त्याचा जोडीदार. मुरारीला टायफॉइड झाला तेव्हा मालकानं त्याला पोत्यांच्या खोलीत टाकलं, आणि शिमोननं एकवीस दिवस त्याचं सगळं केलं, अगदी सगळं. बरा झाल्यावर मुरारीनं त्याला विचारलं की तू माझा कोण लागतोस म्हणून एवढं केलंस. त्यावर शिमोननं त्याला येशूची गोष्ट सांगितली. मुरारीला ती गोष्ट आवडली, पण तो काही लगेच पाघळला नाही. सतरा वर्षं तो ती गोष्ट मनात घोळवत राहिला. गावी परतल्यावर एके दिवशी महाडला जाऊन तिथल्या लहानशा मंडळीत त्यानं बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. काकींनी घेतला दोन वर्षांनी. नवऱ्यानं त्यांना एका शब्दानं म्हटलं नव्हतं. "हा काय इचारीच ना," त्या म्हणाल्या, "मग मीच गेले."

कोंडात भांडण असं झालं नाही. मुरारीनं ग्रामदेव भैरीची पालखी खांद्यावर घेणं थांबवलं, वार्षिकाचा नारळ ठेवणं थांबवलं. गावकी बसली. गावकीचा मोठा कुशाबा. मुरारीच्या वयाचा, दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलेले. त्यानं सांगितलं, जो देवाच्या कामात नाही तो मयताच्या कामातही नाही. कुणी पाणी तोडलं नाही, वाट अडवली नाही. फक्त लाकूड घेणं बंद झालं. आणि भैरीला एक नारळ ठेवला, की सगळं पूर्ववत होणार होतं.

मी भडकले. आमच्या घरात असल्या गोष्टींचा इतिहास पिढ्यांचा आहे. मी त्याला म्हटलं, काका, सरळ कायदा आहे याच्याविरुद्ध, मी अर्ज लिहून देते, तुम्ही सही करा. त्यानं मान हलवली.

"मग ते भीतीनं घेतील. भीतीनं घेतलेलं लाकूड मयताला काय कामाचं?"

बरं, मग लाकूड न्यायचंच कशाला? घेणार नाहीत हे माहीत असताना? महाडच्या पाळकांनीही त्याला तेच विचारलं होतं म्हणे, की आपण चिता रचत नाही, तर तुम्ही लाकूड का नेता? पाळकांना त्यानं दिलं तेच उत्तर मला दिलं. सोमा त्याचा शेजारी होता, आणि शेजारी गेला तर लाकूड न्यायचं असतं. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असा चेहरा करून तो काकींना वळवायला उठला, कारण कोंबडा आरवला होता.

मला तो माणूस कळेना. खरं सांगायचं तर मला त्याचा रागही येत होता. हट्टी माणसांचा हट्ट त्यांच्या बायकांना भोवतो, हे मी रोज बघते. आणि इथं तर ते ढळढळीत दिसत होतं. काकींना झटका आला त्या दिवशी त्यांना चार माणसांनी डोलीत घालून फाट्यावर न्यायला हवं होतं. मुरारी अंगणात येऊन ओरडला. माणसं जमली. कुशाबा म्हणाला की नारळ ठेव, आत्ता चार जण उचलतात. मुलगा हृतिक मुंबईला. मुरारीनं बायकोला लुगड्यानं पाठीशी बांधलं आणि एकटा उतरला. अडीच तास लागले. पोलादपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं.

हे मला मुरारीनं सांगितलं नाही, काकींनी सांगितलं, तो पाण्याला गेला असताना. मी विचारलं की तुम्हाला राग नाही का येत त्याचा. त्या म्हणाल्या, "रोज येतो. मग तो कूस बदलाया येतो, नि जातो."

वैशाखात जखम चिघळली. काकींना दवाखान्यात न्यायला हवं होतं आणि न्यायला माणसं नव्हती. हृतिक सुट्टी मिळत नाही म्हणून फोनवर रडत होता. मुरारीच्या पाठीत आता ते बळ राहिलं नव्हतं. पाण्याचा हंडाही तो आता अर्धाच भरून आणायचा. मी तिथंच अंगणात त्याच्यावर ओरडले.

"काका, ठेवा तो नारळ एकदाचा. मनात काय आहे ते कोण बघायला येतंय?"

त्यानं मला चहा दिला.

परतीच्या एसटीत मला माझ्या आजोबांची आठवण झाली. आजोबांनी घरातले जुने देव सोडले, तेव्हा त्यांच्या सासुरवाडीच्या एका माणसानं त्यांना हेच सांगितलं होतं: देवाचा एक टाक राहू दे कोपऱ्यात, मनातलं कोण बघतंय. ही गोष्ट आमच्या घरात शंभर वेळा सांगितली जायची आणि प्रत्येक वेळी त्या माणसाला हसायचो आम्ही. आणि आज मी त्याचंच वाक्य जसंच्या तसं बोलून आले होते. महाड येईपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. मला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या मंगळवारी मी गेले तर मुरारीच्या अंगणात नारळाची करवंटी पडलेली. ज्यासाठी आठवड्यापूर्वी मी ओरडले होते ते झालं असेल, तर मला बरं वाटायला हवं होतं. मला अजिबात बरं वाटलं नाही. मी विचारलं, "नारळ ठेवलात?"

"वाटन केलं," मुरारी म्हणाला.

काकी पलंगावर हसायला लागल्या, एका बाजूनं. सुकट घातली होती त्यात, चांगली झाली होती, असं त्यांनी सांगितलं.

मग त्यानं जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहिते, कारण त्या दिवशी तो आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी एवढा सलग बोलला असेल.

"ठेवनारच व्हतो बाय. पोलादपुरातनं आनला. देवळाच्या पायरीवर बसलो. लय दमलो व्हतो. म्हटलं, येशू समजून घेईल, तो काय कुशाबासारखा नाय. घेतलाच असता त्यानं समजून. पन मग भैरीकडं बघितलं. त्याचा काय दोस? म्हटलं, हा नारळ मी भैरीला देत नाय, कुशाबाला देतोय. म्हंजे भैरीला पन फसवायचा, येशूला पन. दोन देवांना फसवून बाईला उचलायची. ती खाली पोचली तरी माझं तोंड कसं बघनार? उठलो नि घरी आलो."

मी विचारलं, की इतकी वर्षं तुम्ही प्रार्थना करता, मागता तरी काय? रविवारी उपासनेला महाडला जाता येत नव्हतं म्हणून तो घरातच, धुतलेला पांढरा शर्ट घालून, काकींच्या पलंगाशी बसायचा. दोघं मिळून एक गाणं म्हणायचे. त्याला सूर नव्हता आणि काकींना शब्द नव्हते. ते मी एका रविवारी मुद्दाम वाट वाकडी करून ऐकलं होतं.

"आधी मागायचो ती बरी होऊ दे म्हनून," तो म्हणाला. "आता मागतो, उद्या कोंबडा आरवला की मला उठता येऊ दे. येवढंच. ते मिळतं रोज."

मला देवाधर्माचं काही कळत नाही आणि कळून घ्यायची फारशी इच्छाही नाही. पण त्या उत्तरावर माझ्याकडे पुढचा प्रश्न नव्हता. तशी पाळी माझ्यावर क्वचित येते. मी जखमेसाठी तालुक्याच्या डॉक्टरांना दोनदा वर चढवून आणलं, ते धापा टाकत आले, औषध बदललं, आणि जखम हळूहळू आवरली.

जुलैमध्ये चार दिवस पाऊस थांबलाच नाही. महाडात सावित्री नदीनं इशाऱ्याची खूण ओलांडली, घाटात फाट्याच्या अलीकडे दरड आली आणि एसटी बंद झाली. मी तेव्हा उपकेंद्रावरच अडकलेली, म्हणून मंगळवारी तिथूनच चालत वर गेले. पोचले तर कुशाबाची आई, ठमाबाई, पहाटे गेलेली. नव्वदीची म्हातारी. तिला मी रक्तदाबाच्या गोळ्या द्यायचे आणि ती त्या कोंबड्यांना घालायची.

पाणंदीच्या तोंडाशी माणसं भिजत उभी होती. पण लाकडं उचलली जात नव्हती. आदल्या दिवशीच्या वाऱ्यात गावकीच्या खोपीचा पत्रा उडून दरीत गेला होता, आणि आतली सगळी लाकडं रात्रभर पावसात भिजत पडली होती. घरोघरचं जळण पडवीत होतं तेवढंच, तेही दमट. स्मशानाच्या शेडखाली दोघांनी लहानसा ढीग लावून बघितला, नुसता धूर झाला. खालून लाकूड आणायचं तर रस्ता बंद. आणि मयत घरात.

मुरारीचं लाकूड नेहमीप्रमाणे तिथं बाकीच्यांशेजारी ठेवलेलं होतं. त्यानं ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणलं होतं. नेहमीप्रमाणे तो चार पावलं मागं उभा होता. कुशाबा आला, त्यानं सगळ्या लाकडांवरून हात फिरवला. त्या एकावर येऊन त्याचा हात थांबला. प्लास्टिक बाजूला करून त्यानं नखानं साल खरवडली. मला वाटतं, त्याच क्षणी तिथल्या प्रत्येकाला मुरारीच्या परसातला पत्रा आठवला असणार, कारण सगळ्यांच्या माना एकदम त्याच्या घराकडे वळल्या.

कुशाबा एकटा मुरारीच्या अंगणात आला. मी आत काकींपाशी होते, दारातून सगळं दिसत होतं. तो उभा राहिला. डोक्यावरून पाणी गळत होतं. शेवटी म्हणाला, "मुरारी, तुझी लाकडं..."

"माझी नायत ती," मुरारी म्हणाला. "मयताची हायत. चल, पत्रा धर."

दोघांनी मिळून पत्रा उतरवला. मुरारी एकेक लाकूड काढून त्याच्या हातात देत होता आणि प्रत्येकाबरोबर ते कुणासाठी नेलं होतं त्याचं नाव सांगत होता. हे सोमाचं. हे तुझ्या काकाचं. हे तुझ्या भावाचं. भावाचं लाकूड हातात आल्यावर कुशाबा ते छातीशी धरून तसाच पावसात उभा राहिला, आणि रडायला लागला. मुरारीनं त्याला घाई केली नाही. मग बाकीची माणसं आली आणि लाकडं प्लास्टिकखाली झाकून खाली गेली. सुकी तळाला आणि बाजूंना लावली, ओली वर. त्या दिवशी सरणात मुरारीची बारा लाकडं लागली. ठमाबाई नीट गेली.

आता कुणाला वाटेल, यानंतर गावकीनं मुरारीला वाजतगाजत परत घेतलं असेल. तसं काही नाही. पुढच्या शिमग्यालाही पालखी त्याच्या दारात आली नाही, त्यालाही ती नको होती. नारळाची अट कुणी मागं घेतली नाही, फक्त तिचा उच्चार कुणी केला नाही. मात्र दसऱ्यानंतर काकींना ताप भरला, तेव्हा मला फोन आल्यावर मी वर पोचायच्या आत डोली फाट्यावर आली होती. पुढच्या दांड्याला कुशाबा होता. काकी डोलीतून मला म्हणाल्या, "पोरी, बघ, वरातीत चाललेय."

त्या बऱ्या होऊन परत आल्या, पण फार दिवस नाही. मार्गशीर्षात एका सोमवारी सकाळी मुरारीचा फोन आला. कोंबडा आरवला, तो उठला, वळवायला गेला. एवढंच सांगून तो थांबला, आणि मीही त्याला पुढचं विचारलं नाही.

महाडहून मंडळीतली सात माणसं आली. पाळक चढ चढून पार थकले होते. हृतिक रात्रीतून पोचला होता. मुरारीच्या शेताच्या वरच्या बांधाशी, जिथून घाटाचा रस्ता दिसतो, तिथं बापलेकांनी खड्डा खणायला घेतला, आणि कुशाबानं दोन माणसं कुदळी घेऊन पाठवली. पाळकांनी प्रार्थना केली. आम्ही काकींना पांढऱ्या चादरीत गुंडाळून आणलं. वेणी मुरारीनं घातली होती.

आणि तेव्हा बांधावरून माणसं येताना दिसली. एकामागून एक, दहा घरांतली दहा माणसं, प्रत्येकाच्या खांद्यावर एक लाकूड.

पाळक गोंधळून माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मला माहीत असणार. माणसं खड्ड्याशी आली, खाली बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. इथं जाळायचं नव्हतं. दहाच्या दहा जणांपैकी एकाच्याही, खणायला माणसं पाठवणाऱ्या कुशाबाच्याही, हे डोक्यात आलं नव्हतं. मयत म्हटलं की हात आपोआप लाकडाकडे गेले होते. ते तसेच उभे राहिले, खांद्यावर ओझं घेऊन. मागून मुंबईच्या एका पोरानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, त्याला कुणीतरी कोपरानं गप्प केलं.

"मयताला लाकूड आनायचं," कुशाबा हळू आवाजात म्हणाला, "येवढंच आमाला म्हाईत."

मी मुरारीकडे बघत होते. त्या पावसापर्यंत नऊ वर्षं त्याचं लाकूड कुणी घेतलं नव्हतं. आणि आता त्याच्याकडे न घेण्याचं अगदी रास्त कारण होतं. त्याच्या धर्मात ते लागतच नव्हतं. पाळक शेजारीच उभे होते. त्यानं नुसतं हात जोडून नको म्हटलं असतं तरी कुणाला वाईट वाटलं नसतं, किंवा सगळ्यांनाच वाटलं असतं.

"ठेवा," मुरारी म्हणाला. मग तो स्वतः खड्ड्यात उतरला, आणि त्यानं आतल्या दोन्ही बाजूंना कुदळीनं एकेक पायरी काढली. आम्ही चंद्रभागाकाकींना खाली ठेवलं. "आता आडवी टाका एकेक," तो वर येऊन म्हणाला. "तिच्या अंगावर माती नको. तिची पाठ दुखते."

तिथं कुणी डोळे पुसले आणि कुणी नाही, ते मला सांगता येणार नाही, मला दिसत नव्हतं. एकेक माणूस पुढं झाला, वाकला आणि आपलं लाकूड त्या पायऱ्यांवर आडवं लावून मागं सरला. ऐन, किंजळ, आंबा. नऊ लाकडांत खड्डा झाकला गेला. दहावं कुशाबाचं. तो शेवटी थांबला होता आणि त्याच्या लाकडाला जागा उरली नव्हती.

तो ते खांद्यावर घेऊन उभा राहिला. माती लोटून झाली, गाणं म्हणून झालं, माणसं पांगायला लागली, तरी तो उभाच. शेवटी मुरारी त्याच्याजवळ गेला.

"हे परत घरी नेता येत नाय," कुशाबा म्हणाला.

"माझ्याकडं ठेव," मुरारी म्हणाला. "जागा हाय."

कुशाबानं ते लाकूड त्याच्या परसात नेलं आणि लाकडांच्या त्या रिकाम्या जागेवर ठेवलं. मुरारीनं वर पत्रा ओढला.